कोलू दिसला, वर्षं दिसली नाहीत

१९०८ ते १९१४ या सहा वर्षांत इतिहासात एक विलक्षण अदलाबदल होऊन गेली. मंडालेचा राजा थिबा रत्नागिरीत कैदेत होता आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात. थिबाला इंग्रजांनी १८८६ साली इथं आणलं, १९१० साली त्याच्यासाठी वाडा बांधून पुरा झाला आणि १९१६ साली तो इथंच वारला. तीस वर्षं! त्याला कुणी फटके मारले नाहीत, टिळकांना कुणी कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलं नाही. दोघांची शिक्षा एकच: आपल्या माणसांपासून, आपल्या भाषेपासून तोडलेल्या जागी दिवस काढत राहणं. आज लांज्याची शाळकरी मुलं थिबा पॅलेस पाहायला जातात तेव्हा ही कैदेची जागा आहे हे त्यांना मुद्दाम सांगावं लागतं. कारण कैद म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे येतं ते सिनेमानं दिलेलं चित्र: साखळदंड, चाबूक, अंधारकोठडी, फास. हे चित्र खोटं नाही, पण फार अपुरं आहे. आणि या अपुरेपणाची किंमत आपण स्वातंत्र्यासाठी झालेला त्याग समजून घेताना मोजत आलो आहोत.

सावरकरांवरचे चित्रपट घ्या. सुधीर फडके यांनी लोकवर्गणीतून, वर्षानुवर्षं खपून उभा केलेला ‘वीर सावरकर’ २००१ साली आला. रणदीप हुड्डा यांचा ‘स्वातंत्र्यवीर सावरकर’ २०२४ मध्ये आला. त्याआधी १९९६ साली प्रियदर्शन यांच्या ‘काला पानी’नं सेल्युलर जेलचं क्रौर्य देशभर पोचवलं. या चित्रपटांनी अंदमान सामान्य माणसाच्या मनात जिवंत ठेवलं, हे त्यांचं ऋण मान्य केलंच पाहिजे. कोलू ओढून दिवसाला ३० पौंड तेल काढायला लावणं ही छळाची खरीखुरी, नोंदलेली गोष्ट आहे आणि ती पडद्यावर यायलाच हवी. पण हिशेब पाहा. सावरकर अंदमानात होते १९११ ते १९२१, म्हणजे दहा वर्षं. नंतर रत्नागिरी आणि येरवड्याचा तुरुंग. मग १९२४ साली सुटका झाली ती जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारणात पडायचं नाही या अटींवर. पाच वर्षांची म्हणून घातलेली ही बंदी वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली. अंदमानापेक्षा हा काळ मोठा. तरी पडद्यावर अंदमान जितकं भरून येतं, त्या मानानं रत्नागिरीची तेरा वर्षं झपाट्यानं उरकतात. जिथं बेडी दिसत नाही तिथं कॅमेऱ्याला दाखवण्यासारखं काही सापडत नाही.

यावर कुणी म्हणेल की फटके, कोलू आणि फाशी बाजूला सारून पत्रं आणि दिनदर्शिका दाखवायची म्हणजे हुतात्म्यांचं मोल कमी करणं आहे. आक्षेप मनापासूनचा आहे, पण मला तो उलटा वाटतो. सावरकरांनी सुटकेसाठी केलेल्या अर्जांवरून आपल्याकडे जो वाद दर काही महिन्यांनी पेटतो, तो पाहा. एका बाजूला अर्ज म्हणजे शरणागती, दुसऱ्या बाजूला अर्ज म्हणजे निव्वळ डावपेच. दोन्ही बाजूंच्या मनातला कैदी मात्र एकच आहे, सिनेमातला, दगडाचा. दगडाला दहाव्या वर्षी काय वाटतं हा प्रश्न पडत नाही. पन्नास वर्षांची शिक्षा डोक्यावर घेऊन वर्षामागून वर्ष कोठडीत काढणाऱ्या माणसाच्या मनाचं, शरीराचं, आशेचं काय होतं हे एखाद्या चित्रपटानं नीट दाखवलं असतं, तर अर्जांबद्दलचं मत कुणाचं काहीही होवो, ते माणसाबद्दलचं मत झालं असतं. कागद लपवायची गरज कुणाला पडली नसती आणि कागद फडकवायचा उन्मादही कुणाला चढला नसता.

शिवाय काळाची ही शिक्षा एकट्या कैद्याला होत नाही. टिळक मंडालेला असतानाच १९१२ साली त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव अंदमानात असताना १९१९ साली त्यांच्या पत्नी येसूवहिनी गेल्या. या दोन्ही बायकांवर कुठल्याही न्यायालयानं खटला चालवला नव्हता, पण शिक्षा त्यांनीही भोगली, आणि त्यांची सुटका झाली नाही. आपल्या चित्रपटांत पत्नी बहुधा दोनदा दिसते, एकदा निरोप देताना आणि एकदा डोळे पुसताना. मधली वर्षं तिनं कशी काढली असतील? कर्त्या माणसावाचून घर कसं चालवलं, नातेवाइकांनी दारं कशी लावून घेतली, तुरुंगातून पत्र यायचं त्या सुमारास तिचे कान कुठं लागलेले असत? यातला एकेक प्रश्न अख्ख्या चित्रपटाला पुरेल इतका मोठा आहे.

आणि तुरुंगातून जे बाहेर आलं त्याचं काय? टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या लाकडी खोलीत शिसपेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली फेब्रुवारी ते जून असे अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. पुढच्या वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, आपल्या कोकणातल्या पालगडच्या साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून पुरी केली. त्यावरच्या आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, त्याचा अभिमान आपण सगळे बाळगतो. पण आईची ती कहाणी एका राजकीय कैद्यानं कोठडीत बसून सांगितली आहे, हे किती जणांच्या लक्षात असतं? सुजय डहाके यांनी २०२३ साली केलेल्या कृष्णधवल ‘श्यामची आई’त तुरुंगातले साने गुरुजी दिसतात, म्हणून तो प्रयत्न मला मोलाचा वाटतो. भिंतीआड बसलेल्या माणसाला पालगडची विहीर, आईचे हात, घरातली गरिबी आठवते आहे: राजकीय कैदेचं याहून खरं दृश्य कोणतं असेल?

वाट पाहण्याचा सिनेमा होत नाही, प्रेक्षक उठून जातील, असं निर्माते सांगतात. तीन तासांत सहा वर्षं कशी बसवायची, ही अडचण खरी आहे. पण मराठीतच तिचं उत्तर दिलेलं आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे हा वयस्कर शाहीर गाण्यावरून झालेल्या आरोपाखाली आत जातो. त्याला कुणी मारताना दिसत नाही. दिसतात त्या तारखा. शेवटाकडे उन्हाळ्याची सुटी लागते, न्यायालय रिकामं होतं, दिवे जातात, आणि पडदा काही वेळ अंधारात राहतो. त्या अंधारात प्रेक्षकाला कळतं की महिनाभर कोर्ट बंद म्हणजे महिनाभर हा म्हातारा आत. २०१४ च्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फ्रान्समध्ये रोबेर ब्रेसाँ यांनी १९५६ साली नाझींच्या कैदेतल्या एका क्रांतिकारकावर चित्रपट केला. त्यात जेवणाचा चमचा जमिनीवर घासून घासून धार लावणं आणि त्यानं दाराच्या फळ्या खरवडणं, हेच किती तरी वेळ चालतं, आणि पाहणाऱ्याचा श्वास अडकलेला असतो. तेव्हा अडचण माध्यमाची नाही, सवयीची आहे.

या सवयीमुळे सगळ्यात जास्त अन्याय झाला तो साध्या माणसांवर. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोडं तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. त्यात जे तुरुंगात गेले त्यांतले बहुतेक कुठल्याही पडद्यावर येणार नाहीत, कारण त्यांना फाशी झाली नाही, काळं पाणी झालं नाही. काही महिने आत काढले आणि परत येऊन शेती केली, शिकवण्या घेतल्या, दुकान चालवलं. त्यागाचं माप फटक्यांच्या संख्येनं काढायचं ठरवलं की अशी माणसं आपोआप बाद होतात.

आणीबाणीचंही तेच झालं. मधू दंडवते राजापूर मतदारसंघाचे, म्हणजे आपल्या भागाचे तेव्हाचे खासदार. जून १९७५ मध्ये त्यांना बंगळूरमध्ये पकडलं आणि तिथल्याच तुरुंगात ठेवलं. थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नी प्रमिलाताईंनाही अटक झाली, त्यांना येरवड्याला नेलं. नवरा एका तुरुंगात, बायको दुसऱ्या, मध्ये ८०० किलोमीटरहून जास्त अंतर. दीड वर्षाच्या आसपास त्यांचा संसार पत्रांवर चालला, आणि प्रत्येक पत्र आधी सरकारी माणसाच्या हातून जायचं. यात ना चाबूक आहे, ना फास. एक कोठडी, एक फाडलेलं आणि पुन्हा बंद केलेलं पाकीट, ते उघडण्याआधी क्षणभर थांबलेला हात, आणि तिकडे पुण्यात उत्तराची वाट पाहणारी बाई. हा चित्रपट अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.