दोन फर्लांगांची सहल

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने जाणाऱ्या पुष्कळांना कासुर्डी हे नाव टोलनाक्यामुळे ठाऊक आहे. आधी कवडीपाट आणि मग कासुर्डी, अशा दोन ठिकाणी गाडी थांबवून पैसे मोजल्याशिवाय पुढे जाता येत नसे. २०१९ साली हे दोन्ही नाके बंद झाले. पण पैसे मोजल्याशिवाय कुठे जाता येत नाही, ही समजूत काही नाक्यांबरोबर गेली नाही. ती आता घरात येऊन बसली आहे. ज्या घरात दोन-अडीच वर्षांचे मूल आहे, तिथे तर रविवार उजाडला की हिशेबच सुरू होतो.

आमच्याही घरी तो झाला. मुलगा आणि सूनबाई हडपसरला राहतात. दोघांनाही नोकरी. आमची नात सव्वादोन वर्षांची. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सगळे कासुर्डीला आले होते. चहा झाला आणि मुलगा म्हणाला, "आबा, हिला कुठंतरी न्यायला पाहिजे. आठवडाभर फ्लॅटमध्येच असते." मग यादी निघाली. मॉलमधले खेळघर, पाण्याच्या घसरगुंड्या, बैलगाडीत फिरवणारे कृषी पर्यटन केंद्र. प्रत्येकाचे तिकीट, वर जेवण, वर पेट्रोल. मुलगा बेरीज करीत होता. तेवढ्यात नातीने माझे बोट धरले आणि मला दाराकडे ओढले.

आमच्या दारापासून वाटेवरची मोठी चिंच दोन फर्लांगांवर आहे. मी एकटा गेलो तर पाच-सहा मिनिटांत पोहोचतो. त्या दिवशी आम्हाला सव्वा तास लागला. आधी मुंग्यांची रांग आली. मग एक पांढरा खडा मिळाला, तो उचलायचा, टाकायचा आणि पुन्हा उचलायचा. तारेवर वेडा राघू बसला होता, तो उडून परत त्याच जागी येई आणि दर खेपेला ही टाळ्या पिटी. उसाने लादलेली ट्रॉली आली तेव्हा आम्ही बांधावर चढून उभे राहिलो. धनगराची मेंढरे गेली तेव्हा ती माझ्या पायाला बिलगली, पण नजर काही हलली नाही. मी दोनदा म्हणालो, "चल बाळा, पुढं चल." तिसऱ्यांदा शब्द तोंडातच राहिले. पुढे होते तरी काय? चिंच मला गाठायची होती. तिची सहल तर केव्हाच सुरू झाली होती.

खरे सांगायचे तर त्या सव्वा तासात मला माझ्या मुलाची आठवण फार झाली. तो एवढा असताना मी त्याला सायकलच्या नळीवर बसवून सगळीकडे नेले. यवतचा बाजार दाखवला, वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी दाखवली. पण त्याच्या पावलाने मी कधी चाललो नाही. मला नेहमी कुठेतरी पोहोचायचे असे. आज तोच मुलगा लेकीसाठी 'कुठंतरी' शोधतो आहे, यात नवल ते काय?

लहान मुलाला शिकायला भिंती लागत नाहीत, हे महाराष्ट्राने फार पूर्वीच करून दाखवले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखायला रानात जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली. तिचे नाव पडले कुरणशाळा. पाने, बिया, खडे, शंख-शिंपले ही तिथली साधने. आज जागतिक आरोग्य संघटना तरी वेगळे काय सांगते? तिने २०१९ मध्ये सांगितले की, एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान तीन तास हालचाल व्हावी आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलांपुढे पडदा मुळीच असू नये. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचे अंधूक दिसण्याचा दोष कमी प्रमाणात जडतो, हेही अभ्यासातून दिसून आले आहे. त्या उजेडाला कोणी पावती फाडत नाही.

आमच्या भागात अशा बिनपैशाच्या जागा पुष्कळ आहेत. थंडीत कवडीपाटला मुळा-मुठेच्या जुन्या बंधाऱ्यावर चक्रवाक आणि शेकाटे उतरतात. नदीचे पाणी घाण आहे, म्हणून मूल कडेवरच ठेवावे. यवतवरून माळशिरसकडे वळले की भुलेश्वराचा डोंगर आहे. देवळातले कोरीव हत्ती-घोडे मुलाला पुरे होतात, इतिहास आपण वाचावा. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला केंद्रांचे तिकीट असते, पण भल्या सकाळी शेतात उतरणाऱ्या मोराने ते काढलेले नसते. यातले काहीच जमले नाही, तर आपापली दोन फर्लांगांची वाट आहेच. आमचा तालुका कमी पावसाचा. उन्हाळ्यात नवाच्या आत घरी परतावे. पाणी, टोपी आणि पायात बूट, एवढी तयारी पुरते.

मात्र फुकट म्हणजे बेफिकीर नव्हे. तिकिटाच्या जागी कुंपण असते, रखवालदार असतो. इथे ते काम आपल्या डोळ्यांना करावे लागते. बिनकठड्याची विहीर, कालव्याचा निसरडा काठ आणि सर्वांत फसवे शेततळे. त्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. गुऱ्हाळ दाखवावे, पण लांबून. उकळत्या काहिलीजवळ मूल खाली सोडू नये. आणि उसाच्या या मुलखात आता बिबट्या वावरतो, हे विसरून चालणार नाही. दिवस मावळायच्या आत मूल घरात हवे. थोडक्यात, या सहलीची किंमत एका मोठ्या माणसाचे सव्वा तासाचे लक्ष, एवढी आहे. खिशातला फोन त्या वेळात खिशातच राहिला पाहिजे.

त्या दिवशी चिंचेखाली ऊसतोड कामगारांचे एक पोर बसले होते. आई-बाप पलीकडच्या फडात होते, आणि जेमतेम आठ वर्षांची बहीण त्याला सांभाळत होती. नातीने आपला पांढरा खडा त्याला दिला. त्याने तो पाहिला आणि मुठीतली चिंच हिला दिली. अर्धा तास दोघे माती उकरत बसली. सूनबाई आम्हाला शोधत आली, ती लांबच उभी राहिली. परतताना ती म्हणाली, "आबा, आपण हिला मोकळी हवा मिळावी म्हणून आणतो. त्या पोराला तर दुसरं काहीच नाही." मला उत्तर सुचले नाही. उघड्यावर राहणे आणि बाहेर खेळणे यांत सावली, पाणी आणि लक्ष ठेवणारे मोठे माणूस, एवढाच फरक असतो. तो फरक भरून काढणे एका घराच्या हातात नाही. ते गावाचे काम आहे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. गावाला मोठे उद्यान नको, रंगीत पाळणे नकोत. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या पटांगणाला रविवारी कुलूप नसावे, आणि ऊसतोडीच्या हंगामात फडावरच्या पोरांनाही तिथे जागा असावी. विहिरींना कठडे आणि शेततळ्यांना कुंपण असावे. गायरानाचा उरलेला तुकडा तरी मोकळा राहावा. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच राज्यांना बजावले आहे. ग्रामसभेत रस्ते आणि गटारे यांच्याबरोबर दोन वर्षांच्या माणसाचाही विषय निघावा. त्याला मत नाही, म्हणून तो आपणच मांडायचा.

त्या दिवशी मुलाची बेरीज अर्धीच राहिली. पुढच्या रविवारी तो आला, तो चप्पल न काढता लेकीला घेऊन वाटेला लागला. मी ओट्यावरून पाहत होतो. अर्ध्या तासात दोघे दहा पावले गेले होते. मी काही त्यांना हाक मारली नाही.