पडद्यावरील पेशी आणि वावरातील मूळ

9 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले. त्या दहांत वाशिमचे नाव होते. 1998 मध्ये अकोल्यापासून वेगळा झालेला आणि 2018 मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेला हा जिल्हा. त्याला शंभर जागांचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, याचा आनंद होणे स्वाभाविकच. परंतु आनंदाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न उरतो. या शंभर जागांवर वाशिम जिल्ह्यातील किती मुले-मुली बसणार?

महाविद्यालय जिल्ह्यात आले म्हणून जागा जिल्ह्याच्या होत नाहीत. 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या राज्याच्या गुणवत्ता यादीतून भरल्या जातात. पूर्वी स्थानिक विभागातील विद्यार्थ्यांना 70 टक्के जागा देणारे 70:30 चे सूत्र होते, ते सप्टेंबर 2020 मध्ये रद्द झाले. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. त्याचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. मानोरा तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी आणि लातूर-पुण्याच्या नामांकित शिकवणीतला विद्यार्थी आता एकाच यादीत उभे आहेत. ‘नीट’ परीक्षेच्या 720 गुणांपैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात. म्हणजे मानोऱ्याच्या मुलीला जीवशास्त्र कोण आणि कसे शिकवतो, यावर तिचे अर्धे भवितव्य ठरते.

या प्रश्नाला सध्या एकच उत्तर दिले जाते, ते म्हणजे ऑनलाइन शिकवणी. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि घरातला एकुलता मोबाइल हीच शाळा झाली. त्या काळाची झळ या जिल्ह्याने विशेष सोसली आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी करोनाबाधित आढळले, तेव्हा साऱ्या राज्याचे लक्ष इकडे वळले होते. पुढे शाळा उघडल्या, पण पडदा घरातच राहिला.

त्याचे लाभ नाकारणे करंटेपणाचे ठरेल. उत्तम शिक्षकाचा पाठ कारंज्याच्या खेड्यात पोहोचतो, लातूरच्या वसतिगृहाचा खर्च वाचतो आणि मुलीला परगावी पाठवण्यास कचरणाऱ्या घरातही अभ्यास चालू राहतो. पेशीचे विभाजन फळ्यावरील स्थिर आकृतीपेक्षा हलत्या चित्रातून अधिक चांगले उमगते, हेही खरे. तथापि, केवळ बाजाराच्या भरवशावर शिक्षण सोडता येत नाही. बायजूजसारख्या देशातील सर्वांत मोठ्या गणल्या गेलेल्या कंपनीवर जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, यातून पालकांनी एवढा बोध तरी घ्यावा.

या शिकवणीत दोन उणिवा आहेत. पहिली भाषेची. दहावीपर्यंत ‘बालभारती’च्या पुस्तकातून मराठीत विज्ञान शिकलेला विद्यार्थी तंतुकणिका, हरितलवक, सूत्री विभाजन हे शब्द जाणतो. अकरावीच्या वर्गात पाऊल टाकताच ते सारे मायटोकॉन्ड्रिया, क्लोरोप्लास्ट आणि मायटोसिस होतात. संकल्पना त्याच्याजवळ असते, फक्त तिचे नाव हरवते. आणि विद्यार्थी समजून बसतो की आपल्याला काहीच येत नाही. 2017 पासून ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. पण दोन वर्षांचा सारा अभ्यास इंग्रजीतून केल्यावर ऐन परीक्षेत मराठी प्रश्नपत्रिका कोण निवडणार? जूनचे पहिले दोन महिने प्रत्येक संज्ञेची मराठी व इंग्रजी नावे शेजारी-शेजारी ठेवून शिकवणारा शिक्षक या मुलांना हवा आहे. साऱ्या देशासाठी एकदाच मुद्रित केलेल्या पाठातून तो कसा मिळावा?

दुसरी उणीव अधिक खोल आहे. जीवशास्त्र हे मुळात डोळ्यांनी पाहण्याचे आणि हातांनी हाताळण्याचे शास्त्र. वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. श्रावणात येथील कोणत्याही वावरातून एक रोप अलगद उपटावे, मुळांवर मण्यांएवढ्या गाठी दिसतात. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आणि त्या गाठीत राहून हवेतील नत्र रोपाला उपलब्ध करून देणारे जिवाणू म्हणजे रायझोबियम. हाच पाठ मुलगा खोलीचे दार लावून मोबाइलवर पाहतो, पाठ करतो आणि विसरतो, तर दाराबाहेर तो पाठ एकरांनी उभा असतो. रोह्यांच्या कळपाने पीक तुडवल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते, पण शिकारी प्राणी घटले की तृणभक्षी का वाढतात, हा परिसंस्थेचा धडा त्या तक्रारीशी कोणी जोडून देत नाही.

परीक्षा पर्यायी उत्तरांची, वेळ थोडा, मग वावरात कशाला जायचे, असा आक्षेप येईल. प्रश्नांच्या सरावाला पर्याय नाही, हे मान्यच आहे. पण ज्याने गाठ फोडून पाहिली, त्याला लेगहिमोग्लोबिन घोकावे लागत नाही. शिवाय सारीच मुले डॉक्टर होणार नाहीत. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असून पांढरी माशी तो पसरवते, हे ज्याला नीट समजले आहे, तो रोगावर बुरशीनाशक फवारून पैसा मातीत घालणार नाही. शेतीत राहणाऱ्या मुलाला जीवशास्त्राची गरज डॉक्टर होणाऱ्याइतकीच आहे.

म्हणून पडदा आणि वावर यांची सांगड घालावी लागेल, आणि हे काम केवळ शासनावर ढकलून चालणार नाही. पुण्यात बी.जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’च्या माध्यमातून गरीब मुलांची ‘नीट’ची तयारी स्वतः करून घेतली. वाशिमच्या नव्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक तास दहा-बारा मुलांना समोरासमोर ऑनलाइन शिकवले, तर मुलांना शंका विचारता येतील. गावातील वाचनालय किंवा देवळाचा सभामंडप, एक मोठा पडदा आणि वर्ग सांभाळणारा एक निवृत्त शिक्षक किंवा कृषी पदवीधर, एवढ्यावर वर्ग उभा राहतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेला ‘फोल्डस्कोप’ हा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे 140 पट मोठे दाखवतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. ज्या मोबाइलवर पाठ आला, त्याच मोबाइलने कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींचे छायाचित्र काढून शिक्षकाला परत पाठवता येते.

महाविद्यालयाची इमारत शासन बांधील. तिच्या वर्गात आपल्या गावची मुलगी बसेल की नाही, हे मात्र गावाने तिच्या अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत काय केले यावर ठरणार आहे.