पहाडगंजात घर बांधताना
नूतन मराठी शाळेमुळे दिल्लीकर मराठी कुटुंबांना परिचित असलेल्या पहाडगंजात, जिथे घराच्या भिंतीला शेजाऱ्याची भिंत भिडलेली असते, तिथे जुनी वास्तू पाडून नवी उभारू इच्छिणाऱ्याने नकाशाच्या मंजुरीची तजवीज करतानाच शेजाऱ्याच्या पायाची खोली तपासून घ्यावी; कारण आपला खड्डा त्याहून खोल गेल्यास त्याची भिंत खचण्याचा संभव असतो, म्हणून खोदाई टप्प्याटप्प्याने, भक्कम टेकू देऊनच करणे इष्ट. दिल्ली भूकंपाच्या धोक्याच्या चौथ्या श्रेणीत मोडते, याचे विस्मरण घराच्या सजावटीसाठी संगमरवर निवडताना सर्रास होते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते. म्हणूनच, भूकंपात खांब तग धरावेत यासाठी, त्यांच्या सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवली आहेत की नाहीत, हे काँक्रीट ओतण्यापूर्वी मालकाने अभियंत्यासमवेत स्वतः पाहावे, ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नये.