जाताना दहा, येताना नऊ!

बालमित्रांनो, आज एक कोडं घालते. समजा, हिवाळ्यात एक विमान दुपारी १ वाजता मुंबईहून सुटलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला लंडनला उतरलं. परतीचं विमान लंडनहून रात्री ९ ला निघालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मुंबईत आलं. म्हणजे जायला साडेचार तास आणि यायला साडेचौदा? घ्या बरं पेन्सिल!

पहिली गंमत घड्याळाची. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. (उन्हाळ्यात ते लोक काटे एक तास पुढं सरकवतात, मग फरक साडेचार तासांचा.) लंडनला साडेपाच वाजले, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा. म्हणजे जायला लागले १० तास. आता परतीचा हिशेब तुम्हीच करा. ९ तास आले ना? शाब्बास!

पण मग हा एक तास कुठं गेला?

आधी अंतर मोजू. शाळेतला पृथ्वीगोल आणा. मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. विषुववृत्ताचा घेर ४०,००० किलोमीटर. तुमच्या गोलाचा घेर १०० सेंटीमीटर असेल, तर दोरा भरेल १८ सेंटीमीटर. म्हणजे सुमारे ७,२०० किलोमीटर. आणखी एक पाहा. सपाट नकाशावर पट्टीनं ओढलेली रेघ इराकवरून जाते, गोलावरचा दोरा मात्र कॅस्पियन समुद्रावरून. खरा जवळचा रस्ता दोऱ्याचाच, कारण पृथ्वी गोल आहे!

आता वारा. जमिनीपासून साधारण दहा किलोमीटर उंचीवर, या वाटेच्या बऱ्याच भागात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. हिवाळ्यात तर फारच जोरात. नदीत होडी धारेबरोबर भरभर जाते आणि धारेविरुद्ध रखडते, अगदी तसंच. विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी ५० धरू. जाताना वारा समोरून, म्हणून वेग उरला ८००. ७,२०० भागिले ८००, उत्तर ९ तास. येताना वारा पाठीशी, वेग ९००, उत्तर ८ तास. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं, थोडा वळसा यांचा दोन्हीकडे एकेक तास मिळवा. झाले १० आणि ९! सुटलं कोडं.

विमानाला दोऱ्यासारखं सरळ मात्र नेहमीच जाता येत नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान पहिल्यांदा मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हा इथं थांबत गेलं. आता एका दमात जाता येतं. पण आकाशालाही कुंपणं असतात बरं का! आपला दोरा पाकिस्तानवरून जातो, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या देशानं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दोन देशांचं बिनसलं की विमानाला वळसा पडतो, इंधन जास्त जळतं आणि कुणाची तरी आई घरी उशिरा पोचते. नुसत्या भागाकारात हे दिसत नाही.

आता तुमचा गृहपाठ. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. हिवाळ्यात कुठल्या दिशेचं विमान लवकर पोचेल, आणि का? कारणासकट वहीत लिहा. नुसतं उत्तर चालणार नाही हं!