यादी एकाच कॉलेजची नको!

दरवर्षी मे महिन्यात बारावीचा निकाल लागला, की आईबाप मुलाला घेऊन माझ्या ऑफिसात येतात. "साहेब, पोराला वकील करायचाय. कुठं टाकू?" मी विचारतो, "क्लॅटचा फॉर्म भरला होता का?" उत्तर नसतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही प्रवेश परीक्षा आता आदल्या डिसेंबरातच होऊन जाते. दार बंद झाल्यावर आपण रस्ता विचारतो!

आपल्या समाजात दोन टोकं दिसतात. एक, बेंगळुरू मिळालं नाही तर वकिलीच नको. दुसरं, गावाजवळचं कॉलेज बरं, बाकीचं आपल्यासाठी नाही. दोन्ही घातक आहेत.

यादी तीन पायऱ्यांची करा. वर बेंगळुरू, हैदराबाद. मध्ये मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची राष्ट्रीय विधी विद्यापीठं, आणि राज्याच्या सीईटीतून मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय. १९३५ साली बाबासाहेब तिथं प्राचार्य झाले होते. खाली जिल्ह्यातलं हमखास मिळेल असं कॉलेज. त्यात कमीपणा मानू नका, पण ते बार कौन्सिलच्या मान्यतेचं आहे ना, हे तपासा. कोणतं कॉलेज कोणत्या पायरीवर, हे मागच्या वर्षी आपल्या प्रवर्गाचा प्रवेश कुठल्या क्रमांकावर थांबला ते पाहून ठरवा. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

प्रत्येक नावापुढे फी, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती असे तीन रकाने आखा. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. १९२० साली ते पुन्हा गेले आणि बॅरिस्टर होऊनच आले. पैशाचा हिशेब म्हणजे स्वप्न सोडणं नव्हे, ते पुरं करण्याची तयारी आहे.

आणि कागद! १९९० च्या दुरुस्तीनं बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण मूळ जातीची नोंद असलेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र अकरावीतच काढायला घ्या. ऐनवेळी कागद नसला, तर हक्काची जागा हातची जाते.

अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ साली झाला. तो कोर्टात ताकदीनं मांडणारे आपले वकील गावोगाव हवेत, निकाल देणारे न्यायाधीशही हवेत. विहाराविहारात या रविवारी अकरावी-बारावीच्या मुलामुलींना बसवा. समोर कोरा कागद ठेवा आणि यादी लिहायला लावा. मे महिन्याची वाट पाहू नका!