पाणी आले, वल्हे केव्हा येणार?

२४ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझाऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धांत बाबूलाल यादव व लेखराम या दोघा भारतीय वल्हेकऱ्यांनी पुरुषांच्या ‘पेअर’ या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. दोन हजार मीटरांचे अंतर त्यांनी ६ मिनिटे ५०.४१ सेकंदांत कापले. त्यांच्यापुढे हाँगकाँगची व उझबेकिस्तानची अशा दोनच नावा होत्या. त्या स्पर्धांत नौकानयनात भारताला एकंदर पाच पदके मिळाली. क्रिकेटमधील एका झेलावर रात्र-रात्र वाद घालणाऱ्या आमच्या शहरात या दोघांची नावे किती जणांच्या ध्यानात असतील? दोष वाचकांचा नाही. जो खेळ डोळ्यांनी कधी पाहिला नाही, त्याचे कौतुक तरी कोणी कसे करावे? आमच्या या नव्या पेठेत क्रिकेटची बॅट हवी तेवढी मिळेल. वल्हे मागणाऱ्या गिऱ्हाईकाकडे मात्र दुकानदार चकित होऊनच पाहील.

म्हणून प्रथम हा खेळ काय आहे, ते सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. ‘पेअर’च्या नावेत माणसे दोन आणि वल्हीही दोनच. प्रत्येकाने एकच वल्हे दोन्ही हातांनी धरावयाचे. एकाचे वल्हे उजवीकडे, दुसऱ्याचे डावीकडे. दोघांचीही पाठ शर्यतीच्या अखेरच्या रेषेकडे असते, त्यामुळे जावयाचे कोठे ते दिसत नाही, सुटलो कोठून तेवढे दिसते. हुकूम देणारा सुकाणूधारी नावेत नसतो. दोघांपैकी एकाच्या बुटाला जोडलेल्या तारेने सुकाणू हलते आणि पायाच्या चवड्याने दिशा सांभाळावी लागते. आठ जणांच्या नावेत एखाद्याची चूक इतर सातजण झाकून नेतात. येथे ती सोय नाही. एकाने जोर अधिक लावला की नाव वाकडी चालू लागते, आणि एकाचे वल्हे क्षणभर उशिरा पाण्यात पडले की ती डगमगते. एकट्याचा पराक्रम या नावेत उपयोगाचा तर नाहीच, उलट अपायकारक आहे. सोबत्याच्या बळाचा व दमाचा अंदाज घेऊन आपले बळ त्याच्याशी जुळवून घेणे, हीच येथील खरी विद्या होय.

ही विद्या वर्षानुवर्षांच्या सहवासानेच येते, असा जगाचा अनुभव आहे. न्यूझीलंडचे हॅमिश बाँड व एरिक मरे ही जोडी २००९ पासून २०१६ पर्यंत लागोपाठ ६९ शर्यती हरली नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी ६ मिनिटे ८.५० सेकंद असा त्या वेळचा विश्वविक्रम केला आणि सुवर्णपदक पटकाविले. २०१६ मध्ये रिओ येथे ते पुन्हा मिळविले. क्रोएशियाचे मार्टिन व व्हॅलेंट सिंकोविच हे सख्खे भाऊ. रिओ येथे प्रत्येकी दोन वल्ह्यांच्या शर्यतीत सुवर्ण जिंकल्यावर त्यांनी ती नाव सोडून ही अवघड नाव धरली, आणि टोकिओ व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये तिच्यातही पहिला क्रमांक मिळविला. पॅरिस येथे त्यांच्या आणि ब्रिटिश जोडीच्या दरम्यान अर्ध्या सेकंदाचेही अंतर नव्हते.

आता आपल्या घराकडे वळू. ऑलिंपिकमध्ये भारताचे वल्हे प्रथम पाण्यात पडले ते २००० साली सिडनी येथे, आणि तेही याच शर्यतीत. कासम खान व इंदरपाल सिंग ही ती जोडी. पुढे टोकिओ येथे २०२१ मध्ये अर्जुनलाल जाट व अरविंद सिंग यांनी हलक्या वजनाच्या दुहेरी शर्यतीत अकरावा क्रमांक मिळविला आणि हांगझाऊ येथे त्याच प्रकारात रौप्यपदक आणले. या नावांत मराठी नाव एकही नाही. ते शोधावयाचे तर नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात, तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावी जावे लागते. दत्तू बबन भोकनळ हा तेथला मुलगा. वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. २०११ साली ते वारले आणि घराचा भार दत्तूवर पडला. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला, पुण्याजवळ खडकी येथे दाखल झाला आणि तेथे त्याच्या हाती वल्हे आले. पाण्याची त्याला प्रथम भीतीच वाटे. परंतु अवघ्या चार वर्षांत, रिओ ऑलिंपिकमध्ये, एकेरी शर्यतीत तो जगात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या नावेत स्वर्णसिंग, ओमप्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासमवेत त्याने सुवर्णपदक जिंकले.

या चरित्रातून दोन गोष्टी आम्हांस दिसतात. एक आशेची आहे. बहुतेक खेळांत दहाव्या वर्षी सुरुवात केली नाही, तर वेळ निघून जाते. नौकानयनात विशीतला कष्टाळू तरुणही आरंभ करून ऑलिंपिकपर्यंत पोहोचू शकतो. दुसरी विचार करावयास लावणारी आहे. जन्मभर पाण्यासाठी जमीन खोदणाऱ्याच्या मुलाला वल्हे हाती धरण्यासाठी सैन्याची वाट धरावी लागली. सैन्याचे उपकार मोठेच आहेत. पुण्यातील सैन्याचे नौकानयन केंद्र नसते, तर या देशाच्या पदरी आज फारसे काही नसते. पण सैन्यभरतीत ज्याची उंची वा छाती एक बोटाने कमी पडली, त्याने काय करावे? आणि नागरी समाजाने या खेळाची सगळी जबाबदारी पलटणीवर टाकून कोठवर स्वस्थ बसावे?

पुण्यात वल्हे नवे नाही. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून मुळेच्या पात्रात विद्यार्थ्यांना नाव वल्हवावयास शिकवीत आला आहे. वाचकांनी नकाशा काढून पाहावा. ती मुळा पुढे मुठेला मिळते, मुळामुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात येते आणि उजनीचे पाणी नळांतून सोलापूरच्या घराघरांत येते. ज्या पाण्यावर पुण्याचे विद्यार्थी नाव चालवितात, तेच पाणी अखेर आपल्या हंड्यात पडते. वाटेत पुण्याची घाण त्यात मिसळते, हा आमचा जुना गाऱ्हाण्याचा विषय आहेच. पण आज आम्ही वेगळेच गाऱ्हाणे मांडीत आहोत. पुण्याचे पाणी आले, पुण्याची घाण आली. पुण्याचे वल्हे तेवढे आले नाही!

यावर एक आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चार-चार दिवस नळाची वाट पाहिलेल्या शहराला नावेच्या शर्यती सांगणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? आम्ही नम्रपणे सांगू की, नाव पाणी पीत नाही. जलाशयात दोन नावा फिरल्या म्हणून एकाही घागरीत थेंबभर उणे येत नाही. उलट, ज्या पाण्यावर गावाची मुले रोज पहाटे उतरतात, त्या पाण्यात सांडपाणी कोण सोडतो, गाळ किती साचला, पाणवनस्पती किती माजली, याकडे गावाचे लक्ष राहते. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात आपल्या अनुयायांसह श्रमून तलाव खोदला, अशी परंपरा सांगणारे हे शहर आहे. १८७१ साली झालेला हिप्परग्याचा एकरूख तलाव आहे आणि सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचे उजनी धरण आहे. पावसाने दगा दिला की हे जलाशय आटतात, हे खरे. पण पाऊस बरा झाला, तर ऑगस्टपासून पुढे कित्येक महिने त्यांत नाव चालेल एवढे पाणी असते. कोरड्या दिवसांत जमिनीवरच्या वल्हेयंत्रावर सराव करता येतो. जगातील मोठमोठे वल्हेकरीही तो करतात.

शिवाय पाणी हा केवळ खेळाचा विषय राहिलेला नाही. २१ मे २०२४ च्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलेही होती. धरणाने नदीचा सागर केला. पण त्या सागरावर वावरण्याचे शिक्षण, नियम व साधने काठच्या माणसाला कोणी दिली? जेथे नौकानयनाचे केंद्र असते, तेथे पोहण्याची परीक्षा, तरंगजाकिटाची सक्ती, वाऱ्याचा अंदाज आणि सोबतीला बचावाची बोट या गोष्टी आधी येतात, शर्यत मागाहून. एका केंद्राने सगळे अपघात टळतील, असे आम्ही म्हणत नाही. पण पाण्याची शिस्त जिल्ह्यात कोठेतरी रुजू लागेल.

वेळही निर्णय मागणारी आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधून हलक्या वजनाची शर्यत वगळण्यात आली आहे. म्हणजे अर्जुनलाल व अरविंद यांनी ज्या प्रकारात नाव काढले, तो ऑलिंपिकचा दरवाजा बंद झाला. तेथे नौकानयनाचे अंतरही दोन हजारांऐवजी दीड हजार मीटर राहणार आहे. यापुढे वजनाची मर्यादा नसलेल्या नावांतच उतरावे लागणार, आणि त्यासाठी उंच, लांब हातांची, दमदार मुले गावोगाव हिंडून हेरावी लागतील. तशी मुले पंढरपूर-करमाळ्याच्या तालमींत, माढ्याच्या उसाच्या फडांत आणि आमच्या यंत्रमागांच्या वसाहतींत नाहीत काय?

आमच्या सूचना माफक आहेत. जिल्हा नियोजन समिती, क्रीडा खाते व येथील विद्यापीठ यांनी एकत्र बसून उजनीच्या करमाळा वा माढा बाजूस एक जागा निवडावी. परदेशी पाहुण्या पक्ष्यांची ठिकाणे व मच्छिमारांची जाळी तिच्यापासून दूर असावीत. शर्यतीची एकेक नाव लाखोंच्या घरात जाते, म्हणून प्रारंभी नवशिक्यांच्या चार रुंद नावा, दहा वल्हेयंत्रे व एक बचावबोट एवढेच घ्यावे. सैन्यात हा खेळ खेळून निवृत्त झालेल्यांना शिक्षक म्हणून सन्मानाने बोलवावे. मुलींची तुकडी पहिल्या दिवसापासून असावी. आणि पहिली निवड करताना उजनीकाठच्या मच्छिमारांच्या व धरणात जमिनी गेलेल्या कुटुंबांच्या मुलांकडे आधी पाहावे. त्यांच्या हातांना वल्ह्याची सवय आहे आणि या पाण्याची किंमत त्यांच्या घरांनी सर्वांत आधी मोजली आहे.

एखादे भव्य संकुल उभारून, फीत कापून, कुलूप लावून मोकळे होण्याची रीत आम्ही पुष्कळ पाहिली आहे. ती येथे नको. लोकप्रतिनिधी व अधिकारी यांनी बाबूलाल आणि लेखराम यांच्या नावेकडे एकदा पाहावे. त्यांचीही नाव दोन वल्ह्यांचीच आहे. एक शासनाच्या हाती, दुसरे जनतेच्या हाती. जनता आपल्या बाजूने ओढावयास तयार आहे की नाही, हे तिने सांगावयाचे. त्यासाठी आमच्या पत्राचे स्तंभ खुले आहेत. शासनाने मात्र येत्या अंदाजपत्रकापूर्वी आपले वल्हे पाण्यात टाकावे, एवढीच आमची मागणी आहे.