हुशार मूल कुणाला दिसतं?



‘वर्गातली हुशार मुलं सांगा’ म्हटलं, की आपल्या तोंडी तीन-चार नावं लगेच येतात. पटकन हात वर करणारी, अक्षर छान असलेली, वही वेळेवर पूर्ण करणारी. ही मुलं हुशार असतातच. पण तेवढीच असतात का? अमेरिकेतल्या शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापिका डोना फोर्ड हा प्रश्न गेली तीसेक वर्षं विचारत आहेत.

व्हँडरबिल्ट आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांत त्यांनी शिकवलं. प्रज्ञावान कृष्णवर्णीय मुलं मागे का पडतात, यावरचं त्यांचं पुस्तक १९९६ साली आलं. अमेरिकेत बऱ्याच शाळांमध्ये प्रज्ञावान मुलांसाठी वेगळे वर्ग असतात. अनेक ठिकाणी आधी शिक्षक नाव सुचवतात आणि मग मुलाची चाचणी होते. फोर्ड यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची शिफारसच कमी होते. म्हणजे पेपर हाती पडण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो!

यात शिक्षक दुष्ट असतो असं नाही. त्याला मुलात आधी उणीव दिसते. भाषा कच्ची, घरी पुस्तकं नाहीत, वागणं वेगळं. मग त्यामागची बुद्धी दिसतच नाही.

फोर्ड नुसती तक्रार करून थांबल्या नाहीत. त्यांनी मोजायचं एक साधं माप दिलं. जिल्ह्यातल्या शाळांत एखाद्या समाजाची मुलं २० टक्के असतील, तर प्रज्ञावान वर्गात ती किमान १६ टक्के हवीत, म्हणजे आपल्या वाट्याच्या ८० टक्के तरी. त्याहून कमी असतील तर मुलांना दोष देण्याआधी निवडीची पद्धत तपासायची. इलिनॉयमधल्या एल्जिन भागातल्या शाळांवरच्या खटल्यात त्यांनी तज्ज्ञ म्हणून साक्ष दिली. हिस्पॅनिक मुलांना वेगळ्या प्रज्ञावान वर्गात बसवणं हा भेदभाव आहे, असा निकाल २०१३ मध्ये लागला.

‘मग काय, दर्जा खाली आणायचा?’ असं कुणी विचारेल. तर फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीचं उदाहरण पाहा. तिथे २००५ च्या सुमारास शिफारशीची वाट न बघता दुसरीच्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी सुरू झाली. निकष तेच ठेवले. तरीही गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या चांगलीच वाढली. पुढे पैशाअभावी ही पद्धत आवरती घेतली, तेव्हा ती संख्या पुन्हा घसरली. मुलं तीच होती, फक्त बघणं थांबलं होतं.

हे वाचताना मला माझाच वर्ग आठवला. शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासाला कुणाला बसवायचं, हे मीच ठरवतो. ‘याला जमणार नाही’ हे मी किती वेळा न तपासताच ठरवलं असेल? दिवाळीनंतर पालकांबरोबर ऊसतोडीला जाणारं मूल, घरी वेगळी बोली बोलणारी मुलगी, मागच्या बाकावरचा गप्प मुलगा. यांची नावं माझ्या यादीत येत नव्हती, हे मान्य करायला हवं.

म्हणून या वर्षी मी दोन गोष्टी करायच्या ठरवल्या आहेत. एक, यादी करण्याआधी वर्गातल्या प्रत्येक मुलाला बुद्धिमत्तेचे चार-पाच प्रश्न तोंडी विचारायचे, गरज पडली तर त्याच्या बोलीत. दोन, यादी झाली की कोणत्या वस्तीतलं एकही मूल त्यात नाही, ते बघायचं आणि तिथे पुन्हा जायचं.

पालकांनीही शाळेत एवढं जरूर विचारावं : ‘सर, निवड कशी केली?’ या प्रश्नाचा राग आम्हा शिक्षकांना येऊ नये. कारण यादीतून सुटलेलं मूल स्वतःहून कधीच विचारायला येत नाही.